छपरावरचं घर

दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण त्यासाठी माणूस आधी दूर असावा लागतो. दोमितिला तर डोंगराच्या मांडीतच जन्मली. तिथेच लग्न करून चार घरं पलीकडे नांदायला गेली, तिथेच पाच लेकरं झाली, आणि तिथेच विधवा झाली. साठी उलटली तरी ती एकदाही डोंगरावर चढलेली नव्हती. फोगो बेटावरच्या शां गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. जुन्या ज्वालामुखीच्या पोटातली ती सपाटी, तीन बाजूंनी उभा कडा आणि मधोमध तो काळा सुळका. द्राक्षं लावावीत, शेळ्या राखाव्यात, पोरं अमेरिकेला धाडावीत. डोंगर चढायचा तो परक्यांनी. ते खालच्या साओं फिलिप शहरातून मालट्रकच्या पाठीवर आदळत-आपटत यायचे, दिवस उगवता काठ्या टेकत वर जायचे, आणि दुपारी राखेने माखून दोमितिलाच्या ओट्यावर बूट झाडायला बसायचे.

"वर काय आहे?" ती विचारायची.

"अहाहा! तुम्ही पाहिलंच नाही?"

"भोक आहे. ऐकलंय मी. मोठं भोक, त्यातून धूर येतो. तसलं माझ्या चुलीलाही आहे."

"पण आयुष्यभर इथे राहून एकदाही नाही?"

"तुमच्या घराला छप्पर आहे ना? किती वेळा चढून बघितलंत?"

पाहुणे हसायचे आणि हे वाक्य वहीत लिहून घ्यायचे. दोमितिलाला वाटायचं, या लोकांना घरी कुणी बोलायला नसावं.

ओटा तिचाच होता, आणि ओट्यामागच्या चार खोल्याही. दारावर पांढऱ्या रंगात पाटी होती: ‘छपरावरचं घर’. पाहुण्याला खोली दाखवताना ती टाच आपटून सांगायची, "याच्या खाली माझं स्वयंपाकघर आहे. तुमची खाट बरोबर चुलीवर आलीय." मग पाहुणे जमिनीचा फोटो काढायचे. जमीन सिमेंटची होती, तरी काढायचे.

ते स्वयंपाकघर खाली कसं गेलं, ती गोष्ट डोंगर फुटला त्या वर्षापासूनची. शांचा लाव्हा काही धावून अंगावर येत नाही. तो नकोशा पाहुण्यासारखा येतो. सावकाश येतो, आणि एकदा बसला की उठत नाही. त्यामुळे आवराआवरीला वेळ मिळाला. लोकांनी दारं काढली, खिडक्या काढल्या, वाशे उतरवले, दारूची पिंपं गाढवांवर लादली. दोमितिलाने सगळं बाहेर काढलं, आणि मग रिकामं घर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून घेतलं. समोरची लिओकादिया आपल्या पेटीवर बसून बघत होती.

"कुमाद्री, वेड लागलं का ग? कुणासाठी झाडतेस?"

"कुणीतरी येतंय ना घरात? मग केर नसावा."

लिओकादिया ही दोमितिलाच्या थोरल्याची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कुमाद्री म्हणायच्या. तीस वर्षं दोघींची दारं समोरासमोर होती, आणि तीस वर्षांत असा एक दिवस गेला नसेल की एकीने दुसरीच्या मक्या-घेवड्याच्या काशुपात मीठ कमी आहे असं म्हटलं नाही. लाव्हाने दोघींची घरं एकाच दुपारी घेतली. तेवढ्यातही लिओकादियाचं म्हणणं, आधी माझं गेलं.

माणसं आगीतून फुफाट्यात पडतात असं ऐकलंय. शांची माणसं फुफाट्यातून सरकारी वसाहतीत पडली. ती घरं खालच्या उतारावर होती. उकाडा, माश्या, पलीकडल्याचा खोकला अलीकडे ऐकू येईल अशा भिंती. लिओकादियाला लेकीने अमेरिकेला बोलावून घेतलं. बाकीचे मात्र काळा दगड जरा निवल्याबरोबर एकेक करून परत वर आले. अजून धग होती, पावसाचा थेंब पडला की वाफ निघायची. पण द्राक्षाच्या वेली वर होत्या, आणि शांचा माणूस वेलीच्या मागे जातो, सरकारच्या नाही.

आता प्रश्न आला, आपलं घर कुठलं? घरावर घर रचावं एवढा थर सगळीकडे. ना बांध, ना वाट, ना झाड. शहरातून इंजिनिअर आला, त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत गेला. शेवटी गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, न्यो पोलिदोरो (तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने न्यो म्हणतात, बाईला न्या), त्याने नियम घालून दिला: "ज्याचं छप्पर खाली, त्याची जागा वर." नियम चोख होता. अडचण एवढीच, की छप्पर कुणालाच दिसत नव्हतं. मग जो तो छाती ठोकून सांगू लागला, इथेच, अगदी इथेच. एकाने जिथे पाया घातला तिथे पूर्वी गावाचं डबकं होतं असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पण कुणी बोललं नाही. आपल्या छपराची खात्री असेल त्याने दुसऱ्याच्या डबक्याबद्दल बोलावं.

दोमितिला मात्र अंदाजाने घर बांधणारी बाई नव्हती. तिला पुरावा हवा होता. फिर्मिनो, तिचा नवरा, ज्या खाटेवर गेला, जिथे पाचही बाळंतपणं झाली, ती जागा काय बोट दाखवून ठरवायची? अडला हरी गाढवाचे पाय धरतो. दोमितिलाचं गाढव होतंच, त्याचं नाव सेनादोर, म्हणजे सिनेटर. कारण तो काहीही न करता गंभीर चेहऱ्याने उभा राहायचा आणि वेळेवर खायला मागायचा. वर्षानुवर्षं तो रोज संध्याकाळी मोकळा सोडला की आपण होऊन घरी यायचा. दोमितिलाने त्याला संध्याकाळी गावाच्या टोकाला सोडलं आणि सगळं गाव मागे मागे चाललं. सेनादोर लाव्हावरून खुरं चाचपत गेला, वळला, पुन्हा वळला, आणि एका जागी जाऊन ठाम उभा राहिला. मान खाली घातली, ओठ हलवले आणि वाट बघू लागला.

"गाढवाला घर कळतं," न्यो पोलिदोरो म्हणाला. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सबंध गावात पुराव्यानिशी बांधलेलं घर हे एकच.

ते तिने कसं उभं केलं ते तिचं तिला ठाऊक. पाणी डोक्यावरून, वाळू सेनादोरवरून. पोरांनी अमेरिकेतून जमेल तसं धाडलं. आधी एक खोली झाली, मग पाहुण्यांसाठी दुसरी, आणि पाहुण्यांना आंघोळ लागते हे कळल्यावर मोरी. सेनादोर पुढे म्हातारपणाने गेला. आणि एके दिवशी सकाळी मालट्रकमधून लिओकादिया उतरली.

अंगात फुगीर जाकीट, पायात पांढरेशुभ्र बूट, हातात चाकांची पेटी. लाव्हावर चाकं काय फिरणार! दोन पोरं पेटी आडवी धरून आणत होती आणि लिओकादिया मागून ओरडत होती, "सरळ धरा, आत साबण आहे!"

"कुमाद्री! जिवंत आहेस?"

"तुझी वाट बघत थांबले होते," दोमितिला म्हणाली, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या, मग वेगळ्या होऊन एकमेकींचे दंड नीट चाचपून घेतले.

"सुकलीस ग."

"आणि तू भरलीस."

"तिथे दुसरं काय करायचं? बर्फ पडतो. शेजारी नाहीत, दारांवर नुसते आकडे. लेक म्हणते टीव्ही बघ. मी म्हटलं, मला माझ्या घरी पाठव. म्हणते, तुझं घर दगडाखाली आहे. म्हटलं, मग दगडावर बसेन."

दोमितिलाने तिला ओट्यावर बसवलं, कॉफी दिली, शेळीचं चीज कापलं आणि घराची कहाणी सांगायला घेतली. कहाणी पाहुण्यांना सांगून सांगून चांगली घोटलेली होती. मावळतीचा प्रकाश, मागे गाव, पुढे गाढव. सेनादोर मान खाली घालून उभा राहतो तिथे ती नेहमी थोडं थांबायची. तशी थांबली. लिओकादियाने कप खाली ठेवला.

"कुठे उभा राहिला म्हणालीस?"

"इथेच. तू बसलीयेस तिथे."

लिओकादिया आधी गालात हसली, मग पोट धरून हसली, आणि मग एकदम हसायची थांबली.

"कुमाद्री, अगं तो रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. भोपळ्याची सालं खायला."

"खोटं."

"सालं संपली की मी म्हणायची, चल नीघ, तुझी मालकीण ओरडेल. मग तो तुझ्याकडे यायचा. तू त्याला कधी भोपळा घातलास?"

"माझ्याकडे भोपळा माणसं खातात."

असं म्हणाली खरं, पण बोलता बोलता दोमितिलाला सेनादोरचं तोंड आठवलं. रोज संध्याकाळी ते पिवळं असायचं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, फुलं खातो.

"म्हणजे हे माझं स्वयंपाकघर," लिओकादिया जमिनीकडे बघत म्हणाली.

"हे माझं घर आहे. या हातांनी बांधलंय."

"बांधलंस ग, पण कुणाच्या छपरावर?"

दुसऱ्या दिवशी दारूच्या कोठारापुढच्या बाकावर गाव जमलं. प्रकरण अवघड होतं. नियम न्यो पोलिदोरोचा, आणि नियम म्हणत होता, ज्याचं छप्पर त्याची जागा. खाली लिओकादियाचं छप्पर निघालं तर वरच्या चारही खोल्या, मोरी, ओटा, पाटी, सगळं तिचं. दोमितिला काळ्या दगडावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार. कुणी म्हणालं गाढव चुकलं नसेल. कुणी म्हणालं गाढव बरोबरच होतं, आपण चुकलो. सेनादोर असता तर त्याला पुन्हा सोडून बघता आलं असतं, पण भोपळा दाखवल्यावर त्याने पक्ष बदलला नसता याची हमी कोण देणार?

तेवढ्यात जिल्सोन बोलला. हा पाहुण्यांना डोंगरावर नेणारा वाटाड्या. मूळचा खाली समुद्राकाठचा, डोंगर फुटल्यानंतर शांचा जावई झालेला. जुनं गाव त्याने पाहिलेलं नव्हतं.

"वरून शाळेच्या छपराचा एक कोपरा दिसतो," तो म्हणाला. "आणि पलीकडे पाण्याच्या टाक्याचा काठ. खालून मधे ढिगारे येतात. वरून दोन्ही एकदम दिसतात. आता याचा काही उपयोग असेल तर बघा."

उपयोग सगळ्यांनाच कळला होता. शाळेपासून टाक्यापर्यंत गावाची एकच सरळ वाट होती. वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला दोमितिला, कड्याकडच्या बाजूला लिओकादिया. शाळा आणि टाकं दिसलं की मनातल्या मनात दोरी ताणायची आणि चार खोल्या कुठल्या बाजूला पडतात ते बघायचं. लहान पोरही सांगू शकलं असतं.

"मग तूच बघून ये ना," कुणीतरी म्हणालं.

जिल्सोनने हात जोडले. "मला ज्वालामुखीच्या तोंडाशी उभं करा. दोन कुमाद्रींच्या मधे नको."

न्यो पोलिदोरोने काठी आपटली. "दोघी जा. डोळ्यांनी बघा. खाली येऊन दोघींनी एकच गोष्ट सांगायची, गाव ती मानेल. दोन सांगितल्यात तर तिसरी गाव ठरवेल."

अशा रीतीने दोमितिला आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढायला निघाली. पायात मोज्यांवर प्लास्टिकच्या सपाता, कमरेला फडकं, पाठीशी कॉफी आणि मक्याची वडी. लिओकादियाने अमेरिकेचे बूट चढवले होते. जिल्सोनबरोबर त्या दिवशी एक डच जोडपं होतं. त्यांच्या देशात म्हणे डोंगरच नाही, सगळं ताटासारखं. त्यांना वाटलं, दोन म्हाताऱ्या कुठल्या तरी नवसाला निघाल्यात. त्यांनी आदराने अंतर ठेवलं आणि मागून फोटो काढले.

"हळू चाल, कुमाद्री. घर पळून चाललंय का?"

"तुझं पळालेलंच होतं. माझं आहे जागेवर."

"बूट बघ माझे. अमेरिकेत डॉक्टर असले बूट देतात."

"डोकं नाही का देत?"

राख पायाखालून घसरत होती. दोन पावलं वर, एक खाली. दोमितिलाला वाटलं, हा संसारच आहे, याचे लोक पैसे मोजतात? निम्म्या वाटेवर लिओकादिया दगडावर बसली आणि म्हणाली, मी इथूनच बघते. जिल्सोन म्हणाला, इथून शाळा दिसत नाही. डच बाईने तिला सुका मेवा दिला. लिओकादियाने तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, मग तोंडात टाकला. दोमितिलाने हे बघितलं, पण त्यातून काही काढलं नाही. चढणीवर माणसाला दुसऱ्याची खोडी काढण्याएवढाच श्वास उरतो.

शिखरावर गंधकाचा वास होता आणि जमीन तव्यासारखी. डच बाई काठावर उभी राहून चक्क रडायला लागली. दोमितिलाने आत डोकावून पाहिलं.

"भोकच आहे," ती समाधानाने म्हणाली.

मग ती वळली आणि तिने खाली पाहिलं.

आपलं गाव असं उताणं पडलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. काळ्या लाव्हाची बोटं सगळीकडे पसरलेली, आणि त्यांच्यावर नवी घरं, कुणीतरी खिसा झटकल्यासारखी. ती शोधू लागली. शाळेच्या छपराचा कोपरा दिसला, गंजका, लालसर. टाक्याचा काठ दिसला. तिने मनातल्या मनात दोरी ताणली. वाट आपोआप उमटली, जशी पाटीवर पुसलेली रेघ ओल्या फडक्याखाली उमटावी.

तिच्या चार खोल्या दोरीच्या पलीकडे होत्या. कड्याकडे. गाढव चुकलं नव्हतं.

पण त्याहून वाईट दिसलं ते अलीकडे. डोंगराच्या बाजूला, वाटेलगत एक उंचवटा, त्यावर अंजिराचं एक झुडूप आणि बाकी काही नाही. शेळीसुद्धा नाही. तिथे तिचं घर होतं. झाडून ठेवलेलं. इतकी वर्षं ती हाकेच्या अंतरावर दुसऱ्याच्या चुलीवर झोपत होती, आणि फिर्मिनोची जागा तिकडे एकटी पडली होती.

लिओकादिया तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. काठीवर दोन्ही हात, हनुवटी वर.

"दिसतंय का ग?" दोमितिलाने विचारलं.

"दिसतंय की! लख्ख!"

"शाळा?"

"शाळा, टाकं, सगळं."

दोमितिलाने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. तिकडे समुद्रावर एक ढग होता.

"तू सांग आधी," लिओकादिया घाईने म्हणाली. "मग मी सांगते, बरोबर की चूक."

आता हसू येण्यासारखी गोष्ट अशी, की दोमितिला खरं बोलायलाच वर आली होती. तिला वाटलं होतं, खरं तिच्या बाजूचं असेल. आता तिने चार खोल्यांकडे पाहिलं. तिथे सरकारने टाकून दिलेले वाशे होते, डोक्यावरून वाहिलेलं पाणी होतं, साओं फिलिपहून मांडीवर धरून आणलेला मोरीचा आरसा होता. तिने अंजिराच्या झुडपाकडे पाहिलं.

"माझं घर डोंगराच्या बाजूला पडतंय, कुमाद्री," ती म्हणाली. "जिथे मी बांधलंय तिथेच. तुझं पलीकडे आहे. तो उंचवटा बघ, अंजीर उगवलंय."

लिओकादियाने डोळे बारीक केले, ढगाकडे नीट बघितलं.

"हो. अंजीर दिसतंय मला."

डोंगराने काही केलं नाही. धूर जितका येत होता तितकाच येत राहिला. डच माणसाने दोघींना जवळ उभं करून फोटो काढला आणि म्हणाला, अशी मैत्री आता कुठे बघायला मिळते.

उतरताना राखेच्या घसरणीवरून पळत जायचं असतं. तशी रीतच आहे. लिओकादिया पहिल्यांदा किंचाळली, मग टाचा रोवून, हात पसरून, जाकीट फुगवून लहान पोरीसारखी खाली सुटली. "कुमाद्री, ये ग! आपण हे आधी का केलं नाही?" दोमितिला मागून घसरत आली. सपातांत राख, डोळ्यांत राख. डोळे पुसायला ते कारण बरं होतं.

गावाला निकाल ऐकून फार आनंद झाला. अंजीर तर चार खोल्यांपेक्षा डोंगराला जवळ, मग ते कड्याकडचं कसं, असं कुणीही विचारलं नाही. त्याच संध्याकाळी पाच-सहा जण वेगवेगळे जिल्सोनकडे जाऊन म्हणाले, वरून काही दिसलं तरी खाली सांगत बसू नकोस. डबक्यावरचा तर बाटली घेऊन गेला.

लिओकादियाने अंजिराजवळ बांधायला काढलं. लेकीने अमेरिकेहून सामान भरून धाडलेली पिंपं आली, सिमेंट आलं, तियोफिलो गवंडी आला. आणि त्याच्या मागोमाग रोज सकाळी दोमितिला आली. पाहुण्यांना नाश्ता दिला की ती तिकडे.

"दार तिकडे नको, कड्याकडे कर."

"माझं दार डोंगराकडे होतं ना?"

"होतं. पण वारा लागायचा तुला. विसरलीस."

"चूल या कोपऱ्यात घे. खिडकी इतकी उंच नको. उंबरा जरा ठेंगणा ठेव, पाय अडतो."

"कुमाद्री," लिओकादिया म्हणाली, "हे घर मी बांधतेय की तू?"

"मदत करते तर त्याचंही दुखणं!"

तियोफिलोला मात्र न्या दोमितिलाचं ऐकायला बरं वाटायचं, कारण तिला नेमकं माहीत असायचं. लिओकादिया बोटाने हवेत गोल करून म्हणायची, इकडे कुठेतरी. दोमितिला पावलं टाकून जागा दाखवायची. भिंती वर आल्या. संध्याकाळी दोमितिला उंबऱ्याच्या जागी बसायची, उजवा खांदा जिथे पूर्वी चौकटीला टेकायचा तिथे हवेला टेकायची, आणि वाटायचं, झालं, आता एवढंच दुसऱ्याचं म्हणायचं. चालेल. तिने स्वतःची समजूत घातली होती, आणि ती बरीचशी पटलीही होती.

मग संडासाचा खड्डा आला.

लिओकादियाला अमेरिकेसारखा पाण्याचा संडास हवा होता. ती सकाळी तियोफिलोला घेऊन मागच्या बाजूला गेली आणि तिने टाचेने खूण केली. "इथे खण." तियोफिलोने पहार उचलली. दोमितिला चीज घेऊन नुकतीच येत होती. तिने पावलं मोजली. नव्या भिंती संपल्या तरी जुनं घर मागे आणखी होतं: उंबऱ्यापासून आत, चुलीपासून डावीकडे. खाटेची जागा.

"तिथे नको!"

"का?"

"वास येईल."

"वारा तिकडून वाहतो. वास गेला तर तुझ्या पाहुण्यांना जाईल."

"दगड कठीण आहे तिथे."

"सगळीकडे तोच दगड आहे, न्या दोमितिला," तियोफिलो म्हणाला, आणि त्याने पहार मारली. ठिणगी उडाली.

"अरे थांब मेल्या! तिथे फिर्मिनो गेला!"

पहार तियोफिलोच्या हातात राहिली. चीज दोमितिलाच्या हातात राहिलं. लिओकादियाने आधी खुणेकडे पाहिलं, मग चुलीच्या कोपऱ्याकडे, मग कड्याकडे केलेल्या दाराकडे.

"तियोफिलो," ती म्हणाली, "जा, पाणी पिऊन ये."

तो गेला. जाताना रेंगाळला, पण गेला.

"म्हणजे वर तू खोटं बोललीस."

"हो."

"ज्वालामुखीच्या तोंडावर."

"तू काय केलंस? दिसत होतं का तुला काही?"

लिओकादियाने काठी भिंतीला टेकवली. "काहीसुद्धा नाही," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. लेक म्हणते कापू या. मी म्हटलं, सुई डोळ्याजवळ आली की मी मरेन. तुझं तोंडही मला आवाजाच्या अंदाजाने दिसतं. बरंय, फार बदललं नसेल."

"आणि अंजीर दिसलं म्हणालीस!"

"तू इतकं छान सांगितलंस ग."

दोमितिला खूण केलेल्या जागेशेजारी खाली बसली. आता काय व्हायचं ते तिला दिसत होतं. गाव जमणार, न्यो पोलिदोरो काठी आपटणार, नियम चोख होता. "चार खोल्या तुझ्या आहेत," ती म्हणाली. "मोरीतल्या आरशासकट. संध्याकाळी माणसं बोलव."

लिओकादियाने विचार केला. ती विचार करायची तेव्हा ओठ हलवायची.

"पाहुणे किती वाजता उठतात?"

"उजाडायच्या आत. डोंगरावर जायचं असतं."

"खायला?"

"एकाला अंडं चालतं, दुसऱ्याला चालत नाही. एक होता, त्याला दूध नको, चीज नको. मी म्हटलं, बाबा, मग कोपऱ्यावरचं गवत आहे."

"चादरी?"

"रोज. पाणी टाक्यावरून."

"मला नको तुझी ती धर्मशाळा," लिओकादिया म्हणाली. "त्यापेक्षा माश्या परवडल्या. पण शेवटची खोली, जिथे मी त्या दिवशी कॉफी प्यायले त्याला लागून आहे ती, तिथे कुणाला झोपवू नकोस. ती माझी चूल आहे. मला वाटलं तर मी येऊन पडेन."

"आणि मी इथे येईन."

"येतेसच की. थांबवलंय कुणी? भिंती तूच घातल्यास."

"गावाला काय सांगायचं?"

"दोघींनी एकच सांगायचं म्हणाला ना म्हातारा? एकच सांगितलंय. आता दुसरं कशाला?"

यावर दोमितिला हसली, आणि हसता हसता तिला लाज वाटली, आणि लाज वाटतेय म्हणून आणखी हसू आलं. त्या दिवसापासून पाहुण्यांना खोली दाखवताना ती म्हणू लागली, "याच्या खाली एक स्वयंपाकघर आहे." कुणाचं ते कुणी विचारत नाही. फोटो तसाच काढतात.

तियोफिलो पाणी पिऊन आला. "मग खड्डा कुठे?"

"तिकडे," लिओकादिया म्हणाली.

"तिकडे नको, तिथे माझी कोंबड्यांची जागा होती."

"कोंबड्यांनासुद्धा मान द्यायचा?"

"रोज अंडं द्यायच्या त्या. तुझ्यासारख्या नुसत्या कलकलत नव्हत्या."

"मग पलीकडे."

"पलीकडे पोरांचा पाळणा."

"कुमाद्री, एवढ्याशा घरात तुझं काय काय होतं ग!"

ऊन कड्यावर गेलं तरी जागा ठरेना. तियोफिलोने पहार खांद्यावर टाकली आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, तेव्हाही ठरली नव्हती. ती अजून ठरलेली नाही. तोवर लिओकादिया सकाळी उठून, भिंती चाचपत, काठी टेकत दोमितिलाच्या संडासात जाते. मग शेवटच्या खोलीत बसून कॉफी पिते, आणि साखर कमी आहे असं म्हणते.